गुलब्याचा दुसरा पाय

राणीसावरगाव
२६ जून २०२५

आबा,

फोन तीन वेळा केला. तिन्ही वेळा कासाबाई आत्याने उचलला आणि तिन्ही वेळा तुम्ही 'मेंढरांकडं' गेला होता, एकदा तर धो धो पावसात. म्हणून पत्र. वर 'तीर्थरूप' लिहिलेलं नाही. लिहिलं असतं तर तुम्ही आत्याला पहिल्याच ओळीला थांबवलं असतं. आत्या, तू सातवी पास आहेस. जोडाक्षरावर अडू नकोस आणि मधे स्वतःचं घालू नकोस.

हे पत्र फेब्रुवारी २०२१ मधल्या कागदाबद्दल नाही. कामाचं आहे.

मे महिन्यात माझी बदली गंगाखेड तालुक्यात झाली. राहते राणीसावरगावात, जनावरांचा दवाखाना इथून सात किलोमीटरवर आहे. या भागातल्या बैलांच्या मागच्या पायांवर एक खूण वारंवार दिसते: समोरासमोर दोन चंद्रकोरी, मध्ये एक ठिपका. आमच्या परिचराला, गोपाळकाकांना, विचारलं की ही कुणाची. ते पुढच्या वर्षी निवृत्त होतील, त्यांना सगळं ठाऊक असतं.

"रायभान डागवाल्याची, मॅडम. पूर्णेकडचा. दिवाळी झाली की मेंढरं घिऊन यायचा हिकडं, संक्रांतीला माघारी. लय गुण होता हाताला. आता न्हाई येत. त्याच्या लेकीनंच धरून दिलं म्हणत्यात."

"मग?"

"मंग काय. शिकली ती."

मी रजिस्टर पुढे ओढलं.

आत्तापर्यंत अशी एकतीस जनावरं मोजली आहेत. वही केली आहे: मालक, डाग कोणत्या साली, कुठल्या सांध्यासाठी, नंतर बैल चालला का. चट्ट्याची जाडी पट्टीने मोजते. परवा एक बाई म्हणाली, "मॅडम, बैलाला चोळी शिवायलाव का?"

माझं मत बदललेलं नाही. तापल्या लोखंडाने सांधा बरा होत नाही. कातडी जळते, सांधा तिच्या आत खोल असतो, बाहेरच्या आगीचा त्याला उपयोग नाही. पण एक गोष्ट मला समजत नाही. या एकतीसपैकी अठरा बैल नंतर नीट चालले. आमच्या रजिस्टरमध्ये गेल्या वर्षी सांध्यासाठी आलेले चौदा बैल आहेत, इंजेक्शनं दिलेले, चिठ्ठ्या दिलेले. त्यांतले नऊ बैल महिन्याभरात पुन्हा लंगडत आले.

तेव्हा प्रश्न एकच. डाग कुठे देत होता हे चट्ट्यांवरून दिसतं. मला त्याच्या आधीचं हवं आहे. लोखंड तापेपर्यंत तुम्ही बैलाला हात लावून बघत असायचा, एवढं आठवतं. मी त्या वेळी तुमच्या हाताकडे नाही, आगीकडे बघत असे. हात कुठे ठेवत होता? सोबत मागच्या पायाचं चित्र आहे. कोळशाने खूण करा आणि परत पाठवा. बोलायची गरज नाही. तिकीट लावलेलं पाकीट आत आहे.

विजयमाला


९ जुलै २०२५

आबा,

पाकीट आलं नाही. पूर्णेहून इथे टपालाला चार दिवस लागतात. मी तेरा धरले.

आज एका बैलाविषयी लिहिते. नाव गुलब्या, लाल कंधारी, नऊ वर्षांचा. मालक परमेश्वर, तीन एकर सोयाबीन. २८ जूनला त्याने बैल आणला तो ओढ्यात पाय घसरला म्हणून. मागच्या डाव्या पायाचा वरचा सांधा, पोटाला लागून असतो तो, गरम आणि सुजलेला. पाऊल आखूड पडत होतं, खुराचं टोक मातीत घासत होतं. मी वेदना आणि सूज कमी करणारी इंजेक्शनं तीन दिवस दिली. चिठ्ठीवर लिहिलं: 'सहा आठवडे सक्त आराम'. 'सक्त'खाली दोन रेघा ओढल्या.

परवा तो बैल पुन्हा आला. लंगडणं दुप्पट.

"जुंपला होता?" मी विचारलं.

"कोळपणीला."

"कधीपासून?"

"शेवटचं इंजेक्शन झालं त्याच्या दुसऱ्या रोजी. मॅडम, तुमचं औषध लय भारी बगा. बैल नवरदेवावानी चालायला लागला. मला वाटलं, झाला बरा."

"चिठ्ठीवर काय लिहिलं होतं?"

"चिठ्ठी हाय की." त्याने खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली. आत चिठ्ठी, चार घड्या घातलेली, कोरी करकरीत. "जपून ठिवली."

त्याची बायको कुसुमबाई दावं धरून उभी होती. ती म्हणाली, "सहा आठवडे बैल बांधून ठिवल्यावर तण काय तुमी येऊन काढणार का मॅडम?"

मी परमेश्वरला म्हणाले, तुमच्या हावेपायी बैलाचा पाय गेला. कुसुमबाई बोलणार होती, त्याने हाताने तिला गप्प केलं. हे वाक्य मी पत्रात लिहावं की नाही, यावर थोडा वेळ विचार केला. लिहिलं आहे.

नंतर सांध्यात सुई घालून आतलं वंगण काढलं. तुम्ही ते कधी पाहिलं नसेल. निरोगी सांध्यातलं वंगण एरंडेलासारखं घट्ट असतं. थेंब दोन बोटांत धरून बोटं लांब केली तर इंच-दोन इंच तार येते. गुलब्याचं पाण्यासारखं तुटलं. पाय वाकवताना हाताला बारीक कचकच लागली, ओल्या वाळूवर टाच फिरवल्यासारखी.

हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो, त्यामुळे हाडावर हाड घासत नाही. त्या थराला नस नसते. तो झिजत असताना दुखत नाही. दुखायला लागतं ते हाड उघडं पडायला लागल्यावर, किंवा सांध्याचं अस्तर सुजल्यावर. म्हणजे पाय टेकू नको, हे बैलाला सांगणारी एकच गोष्ट असते, ती म्हणजे दुखणं. तेच मी औषधाने बंद केलं. बैल नवरदेवासारखा चालला, आणि आतला थर घासत राहिला.

चित्र हरवलं असेल तर दुसरं काढून पाठवते.

विजयमाला


१७ जुलै २०२५

आबा,

पाकीट आलं. आतल्या चित्रावर कोळशाच्या तीन खुणा आहेत. एक सांध्याच्या आतल्या बाजूला. तिथेच आम्हीही बोट ठेवतो. दुसरी खुब्यावर. तिसरी मात्र पायावर नाही, कागदाच्या कोऱ्या भागात आहे. आधी वाटलं हात लागून डाग पडला असेल. मग बाजूला आत्याचं अक्षर दिसलं: 'दादा म्हणतो दुसरा पाय तू काढलाच न्हाईस. हात आधी तितं ठिवायचा.'

गुलब्याचा उजवा पाय मी तपासला नव्हता. लंगड्या पायाचा भार चांगल्या पायावर जातो आणि चांगला पायही बिघडू लागतो, हे मी परीक्षेत लिहिलं होतं. चार गुण होते, चारही मिळाले. काल जाऊन उजवा सांधा पाहिला. किंचित गरम आहे, आणि डाव्यापेक्षा कमी पण सूज आहे.

कागदाच्या मागच्या बाजूला आत्याने आणखी एक ओळ लिहिली आहे. 'बैल कुणाच्या सावडीत हाय ते इचार.' हे वाचून मला राग आला, हे कबूल करते. मी सांध्याबद्दल विचारते आहे आणि तुम्ही गावकीचं विचारता. तरी विचारलं.

इथे नांगरट, पेरणी ट्रॅक्टरने होते, पण कोळपणीला बैलच लागतात. पिकाच्या दोन ओळींमधून ट्रॅक्टर जात नाही. परमेश्वरकडे एकच बैल. शेजारच्या दिनकररावांकडे एक. दोघांचे बैल मिळून एक जोडी होते, आधी एकाचं रान, मग दुसऱ्याचं; हीच त्यांची सावड. मी दिनकररावांच्या बांधावर गेले. ते साठीचे आहेत. खुरपं बाजूला ठेवून त्यांनी मला बसायला पोतं टाकलं.

"आधी परमेश्वरचं कोळपून झालं, मॅडम. तवा गुलब्या धड होता. मंग त्यो ओढ्यात घसरला अन् माझं रान राह्यलं. मी म्हणलो, परमेश्वर, असू दे, बैल लंगडायलाय. तर म्हणतो कसा, तुमचा बैल माझ्या रानात चार रोज राबला, आता मी कोणत्या तोंडानं न्हाई म्हणू?"

म्हणजे इंजेक्शननंतर गुलब्या परमेश्वरच्या रानात राबलाच नव्हता. मी त्याला हाव म्हणाले होते.

"मग तुम्ही का घेतलात बैल?"

"त्यानं आणून हुबा केला. चांगला चालत हुता. म्या न्हाई म्हणलो असतो तर त्याला वाटलं असतं सावड मोडली." मग ते म्हणाले, "रायभाननं डागला असता तर ही गोष्टच न्हवती. डागलेल्या बैलाला सव्वा महिना जू न्हाई. मालकानं लावायचं न्हाई, सावडकऱ्यानं मागायचं न्हाई. मागितलं तर गाव थुकतंय तोंडावर."

"आणि डॉक्टरने चिठ्ठी दिली असेल तर?"

"चिठ्ठी कुणाला दिसतीय, मॅडम?"

मी वही घेऊन परत एकतीस घरं फिरले नाही, पण सतरा फिरले. प्रत्येकाला एकच विचारलं: डागानंतर बैल किती दिवस बांधला? सतराच्या सतरांनी सव्वा महिना सांगितला. एकानेही आठवायला वेळ घेतला नाही.

विजयमाला


२३ जुलै २०२५

आबा,

आता मोठा प्रश्न. त्याआधी आकडे, कारण त्यांच्यामुळेच तो पडला.

एकतीसपैकी बारा चट्टे जाड आहेत, करंगळीएवढे. ते सगळे २०१६ पर्यंतचे. एकोणीस चट्टे बारीक आहेत, काही तर केस बाजूला केल्याशिवाय दिसत नाहीत. ते सगळे २०१७ पासूनचे. त्या वर्षी तुम्ही काहीतरी बदललं. जाड चट्ट्यांच्या बारांतले सात बैल नीट चालले, बारीक चट्ट्यांच्या एकोणिसांतले अकरा. भागाकार केला तर दोन्हीकडे शंभरात अठ्ठावन्न. संख्या लहान आहे, लोकांच्या आठवणीवर आधारलेली आहे; यावरून मी पैज लावणार नाही. पण लोखंड कमी तापल्याने काही बिघडलं नाही, एवढं दिसतं. बैल बरे झाले ते सव्वा महिन्याने.

प्रश्न असा, की हे तुम्हाला ठाऊक होतं का?

नसेल तर तुम्ही वर्षानुवर्षं जनावरं भाजलीत ती अज्ञानाने. असेल तर ती जाणूनबुजून भाजलीत. दोन्हींतलं काय बरं, हे मला ठरवता येत नाही. दुसरं असावं असं मला का वाटतं, तेही सांगता येत नाही.

पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं की हे त्या कागदाबद्दल नाही. तुम्ही चित्र परत पाठवलंत, म्हणून आता तोही विषय लिहिते. आत्या, इथून पुढचं त्यांना सलग वाचून दाखव.

त्या दिवशी आमच्या कॉलेजच्या जनावर-तपासणी शिबिराची गाडी आपल्या वाडीवर न्यायची हे मी ठरवलं नव्हतं. पण गाडी वळली तेव्हा मी गप्प बसले. तुम्ही बैल पाडलेला होता, लोखंड लाल होतं. डागणं हा गुन्हा, म्हणून पोलीस बोलावले गेले. पंचनाम्यावर साक्षीदार म्हणून सही करायला सांगितलं, मी केली. त्यात माझी चूक नव्हती, आजही मी ती सही केली असती. पण सहीच्या वर एक रकाना होता: 'ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्याशी नातं'. बरोबरच्या सगळ्या मुली माझ्या मागे उभ्या होत्या. मी 'नाही' लिहिलं. शिपायाने कागद मोठ्याने वाचला, आणि तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "बराबर हाय, साहेब." एवढंच.

ते खोटं मी लिहिलं होतं. इतर सगळ्याला माझ्याकडे कारण आहे, त्याला नाही.

आता विनंती. गुलब्याला विश्रांती हवी आहे आणि दुसरी कोळपणी तोंडावर आली आहे. परमेश्वर बैल नेऊन उभा करणार, दिनकररावांना नाही म्हणता येणार नाही. माझी चिठ्ठी कुणाला दिसत नाही, तुमचा डाग दिसतो. तुम्ही इथे या आणि गुलब्याला डाग द्या. थंड लोखंडाने, काजळी लावून. तुमची लोखंडं जप्त झाली, म्हणून मी इथल्या लोहाराकडून चट्ट्यांच्या मापाने एक करवून घेतलं आहे.

पूर्णेहून सकाळच्या गाडीने गंगाखेड, तिथून एसटी. दवाखाना कुणीही दाखवेल.

विजयमाला


६ ऑगस्ट २०२५

आबा,

सोमवारी जे झालं ते तुम्ही पाहिलं आहे. तरी माझ्या बाजूने लिहिते, कारण त्या दिवशी मी फार थोडं बोलले. आणि तुमची एसटी गेल्यावर काय झालं, ते तुम्हाला ठाऊक नाही.

तुम्ही फाटकातून आलात तेव्हा गोपाळकाका उठून उभे राहिले. "रायभान! आरं कितीक वर्सांनी!" मग पाणी देता देता आवाज खाली आणून म्हणाले, "लेक कुठं असती आता ती?" तुम्ही फक्त पाणी प्यायलात. मी आतून म्हणाले, "मीच ती लेक, गोपाळकाका." त्यांच्या हातातला तांब्या कलला. काल दिवसभर ते मला टाळत होते, शेवटी म्हणाले, "म्या तुमच्या तोंडावरच म्हणलो की वो मॅडम." मी म्हटलं, शिकली ती, एवढंच म्हणालात, ते खरं आहे.

लोखंड तुम्ही हातात घेऊन फिरवून पाहिलंत. "माप बराबर हाय," म्हणालात आणि चिंचेच्या बुंध्याशी ठेवून दिलंत. परत उचललं नाहीत. आधी उजव्या पायाला हात, मग डाव्याला. मग गुलब्याला मऊ मातीतून चालवलंत, फरशीवरून चालवलंत, आखूड वळण घ्यायला लावलंत, आणि तुम्ही स्वतः डोळे मिटून फरशीवरच्या खुरांचा आवाज ऐकत उभे राहिलात. चालीची परीक्षा आम्हालाही शिकवतात. डोळे मिटायला कुणी सांगितलं नव्हतं.

परमेश्वर, कुसुमबाई, दिनकरराव, आणि डाग बघायला जमलेली पंधरा-वीस माणसं वाट बघत होती. तुम्ही मला बाजूला घेतलंत.

"याला डाग न्हाई."

"थंडच द्यायचा आहे, आबा. भाजायचं नाही."

"थंड दे न्हाई तर गरम दे. डाग म्हंजे सव्वा महिन्यानं जुंपा. गाव दिस मोजतंय. सव्वा महिना झाला की परमेश्वर जू ठिवील, त्याचं काय चुकलं? ह्यो बैल आता सव्वा वर्सानं बी जुंपायचा न्हाई. दोनी पाय गेलेत." मग विचारलंत, "तुला ठाऊक न्हवतं?"

मला ठाऊक होतं. ७ जुलैला ते वंगण बोटांत पाण्यासारखं तुटलं तेव्हापासून. मी तुम्हाला सगळं क्रमाने लिहिलं, तार, कचकच, सूज, फक्त शेवटचं वाक्य लिहिलं नाही. सहा आठवड्यांनी गुलब्या बरा होईल असं मी कुठेही म्हटलेलं नाही. पत्रं काढून बघा. पण मी तसं वागत होते.

"होतं," मी म्हणाले.

"मंग सांग त्यांना."

"तुम्ही सांगा. तुमचं ऐकतात."

"मी कोण? माझी सही कुठं चालतीय? तू डॉक्टर हायेस. तुझ्या तोंडानं सांग."

तर मी सांगितलं. तुम्ही चिंचेखाली होता, किती ऐकू आलं ठाऊक नाही, म्हणून जसं बोलले तसं लिहिते. "गुलब्या आता औताला चालणार नाही. दोन्ही पायांचे सांधे झिजले आहेत, ते भरून येत नाहीत. ओढ्यात घसरला तेव्हा ते वाचण्यासारखे होते. माझ्या इंजेक्शनने दुखणं थांबलं, म्हणून तो कामावर गेला. तो कुणाच्या सावडीत आहे हे मी विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही. आणि परमेश्वर, मी तुम्हाला हाव म्हणाले, ते चूक होतं."

मग परमेश्वरने विचारलं, "नुसता बसून राह्यला तर दुखंल का त्याला?"

मी म्हणाले, थंडीत सकाळी आखडेल. खाली मऊ माती ठेवा, रोज थोडं चालवा, अंगावर चरबी चढू देऊ नका.

"मंग बसू दे," तो म्हणाला.

कुसुमबाई पुढे आली. "लिहून द्या मॅडम. ती बी जपून ठिवू." मी लिहून दिलं. तिने न वाचता घडी घातली. त्या क्षणापासून ती माझ्याशी बोललेली नाही, आणि बोलावं असं मी म्हणू शकत नाही.

हे सगळं होत असताना गुलब्या तुमच्याजवळ होता. तुम्ही त्याला सोडून द्यायला हवं होतं, तपासणी संपली होती. त्याने तुमच्या बंडीची बाही हुंगली आणि मग घामाचं मीठ चाटायला लागला. तुम्ही हात मागे घेतला नाहीत. मी परत आले तरी तसेच उभे होता, आणि मी विचारलेलं नसताना बोलू लागलात.

"मला ठाऊक हुतं का म्हणून इचारलंस. आधी न्हवतं. गुरूनं दाखवलं तसं करत हुतो. मंग एका पोळ्याला मारुतीपुढं समदे बैल हुबे, अन् मी आलो तसं आपल्या गावातले सात-आठ बैल दावं तोडायला लागले. रंगवलेले, झूल घातलेले. एकानं तर पोराला तुडवलं असतं. लोक म्हणले, मधमाशी चावली आसंल. मला ठाऊक हुतं काय चावलं ते. तवापासनं पोळ्याला मी गावात राहत न्हाई. त्या साली लोखंड कमी तापवलं. बैल तरीबी बरा झाला. मंग आजून कमी."

"म्हणजे थंड लोखंडानेही चाललं असतं."

"चाललं असतं."

"मग दिलं का नाही?"

"थंड लोखंड लावलेलं एकाला कळलं असतं तर समद्या तालुक्याला कळलं असतं. मंग सव्वा महिना कुणी पाळला असता? आसं मी मनाला सांगायचो." तुम्ही बैलाकडे बघत होता. "खरं म्हंजे धीर झाला न्हाई."

मी त्यावर काही बोलले नाही. एसटीची वेळ झाली होती, ती नसती तरी बोलले नसते. आता उत्तर देते. मी दोनच शक्यता लिहिल्या होत्या, अज्ञान किंवा जाणूनबुजून. तिसरी मला सुचली नव्हती: माणसाला कळायला लागतं आणि तो लोखंड थोडं थोडं कमी तापवत जातो. वहीत त्या तिसऱ्याचे चार वर्षांचे चट्टे आहेत. शेवटच्या वर्षाचे मी पुन्हा मोजले. ते जवळजवळ नाहीतच. म्हणजे शिबिराची गाडी आली त्या वर्षी तुम्ही तिथपर्यंत पोहोचत आला होता. मग त्या दिवशी लोखंड लाल का होतं, हे विचारणार होते. पण आठवलं की तो बैल शेजारच्या पाटलांचा होता आणि भोवती सगळा गाव उभा होता. त्यामुळे विचारत नाही.

तुम्ही गेल्यावर झालं ते असं. दिनकरराव जागचे हलले नव्हते. परमेश्वर त्यांच्यासमोर गेला आणि म्हणाला, "माझा बैल गेला, काका. तुमी दुसरा सावडकरी बगा." दिनकरराव म्हणाले, "बगितला की. माझ्या मेव्हण्याचा बैल आणतो परवा. त्यो माझ्या बैलासंगं चालंल. कोळप्याला माणूस लागतंय का न्हाई? तू धर. माझी कंबर कुठं ऱ्हायलीय." कुसुमबाई म्हणाली, "अन् आमच्या रानाचं?" "त्येच दोन बैल तुमच्या रानात यायचे, सूनबाई. आणखी काय सोन्याचे आणू?" त्यावर ती हसली. माझ्याकडे पाहून थांबली, पण हसली.

काल संध्याकाळी त्यांच्या वाटेने जाताना गुलब्या दिसला. खाली ओढ्याची रेती आणून टाकली आहे, चांगली हातभर. उठताना त्याने आधी उजव्या पायावर भार घेतला, मग थोडं थांबून डाव्यावर. मी वेळ मोजली, अकरा सेकंद. महिन्याने पुन्हा मोजेन.

वहीतल्या एकतीसपैकी तेरा बैल अजून अवघड चालतात. सगळ्यांच्या पायांवर तुमच्या चंद्रकोरी आहेत. औताला ते चालणार नाहीत, पण किती दुखतं आणि कशाने कमी होईल, हे बघता येईल. मला त्यांची चाल ऐकणारं माणूस हवं आहे. सोमवारी दवाखान्यात गर्दी नसते, त्या दिवशी मी गावं फिरते.

ती जनावरं तुम्हाला ओळखतील, दावं तोडतील, हे मी धरून चालले आहे. तुम्ही रस्त्यापलीकडे उभे राहा, डोळे मिटून. त्यांना हात मी लावते.

विजयमाला